ऐश्वर्य आणि छाया

सोलापूर शहराबाहेर होटगी, विजापूर वा अक्कलकोट यांपैकी कोणत्याही रस्त्याने निघाले असता, ज्या जमिनींत काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्वारी आणि तूर उभी असे त्या बिनशेती होऊन त्यांवर ऐसपैस बंगले उठत असलेले दिसतात. आणि या बंगल्यांचे वर्णन करताना त्यांचे मालक, त्यांचे वास्तुविशारद व विक्रीच्या जाहिराती आता संगमरवरी फरशीच्या जोडीने ऊर्जाबचतीचाही अगत्यपूर्वक उल्लेख करतात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. ज्या वर्गाला विजेच्या बिलाची तमा बाळगण्याचे कारण नाही, त्यालाही वीज जपून वापरावी असे वाटू लागणे हे सार्वजनिक अभिरुचीत घडलेले इष्ट परिवर्तन होय. मात्र छतावर सौर पट्टिका मांडल्या, पंचतारांकित वातानुकूलन यंत्रे घेतली आणि एलईडी दिवे लावले की घर ऊर्जाक्षम झाले, अशी जी समजूत त्याबरोबर दृढ होत चालली आहे, ती सोलापूरसारख्या मुलखात तरी मला घातक वाटते. कारण येथे घर किती वीज मागणार याचा निकाल यंत्रांच्या खरेदीच्या पुष्कळ आधी, नकाशावर पहिली रेघ ओढली जाते तेव्हाच, लागून गेलेला असतो.

याचे कारण येथील आकाशात आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेने देशाचे जे पाच हवामान-विभाग पाडले आहेत, त्यांत सोलापूर उष्ण आणि शुष्क विभागात मोडते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशी ओलांडून कधी चव्वेचाळीसपर्यंत चढतो, आणि त्याच दिवशी पहाटे तो पंचवीस-सव्वीस अंशांपर्यंत खाली आलेला असतो. दिवस आणि रात्र यांच्यातील हे पंधरा-सोळा अंशांचे अंतर मुंबई-रत्नागिरीच्या लोकांना लाभत नाही. त्यांच्याकडे रात्रही दिवसासारखीच दमट आणि उबट असते. आमच्याकडे मात्र निसर्ग दर रात्री विनामूल्य गारवा पाठवतो, आणि तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत साठवून ठेवता येईल असे घर बांधणे एवढेच माणसाच्या हाती उरते. दुसरी गोष्ट सूर्याच्या मार्गाची. शहर १७ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेले असल्याने मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे उन्हाळा अगदी ऐन भरात असताना, सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत घरावर पडणाऱ्या उन्हाचा सर्वांत मोठा वाटा छप्पर झेलते, त्याखालोखाल पूर्वेची आणि पश्चिमेची भिंत झेलते, आणि दक्षिणेची भिंत एखाद्या हातभर छज्ज्याच्या सावलीत सुखरूप राहते. तेव्हा सोलापुरात घर बांधणाराने प्रथम छपराची, मग पश्चिमेच्या भिंतीची आणि त्यानंतर इतर सर्व गोष्टींची चिंता करावी, हा येथील सूर्याचाच दंडक आहे.

आमच्या पूर्वजांनी तो शब्दांत मांडला नसला तरी मातीत आणि लाकडात पुरता पाळला होता. सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यातील जुने माळवदी घर ज्यांनी आतून पाहिले आहे त्यांना हे सांगावयास नको. पण नव्या पिढीसाठी ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. भिंती दोन-दोन, कधी तीन हात रुंदीच्या. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीचे भेंडे, आणि त्या रुंदीतच कोनाडे, देवळ्या व धान्याची बळदे सामावलेली. भिंतींवर सागाच्या वा बाभळीच्या तुळया, तुळयांवर किलचन, किलचनावर कडुनिंबाचा पाला किंवा तुरकाट्या, आणि त्या सर्वांवर पांढरीच्या मातीचा हातभर जाडीचा थर, जो दर पावसाळ्याआधी नव्याने चोपून घट्ट करावयाचा. त्या थराला मधूनमधून ठेवलेली साणी, म्हणजे माजघरात उजेड उतरवणारी आणि चुलीचा धूर व दिवसभराची तापलेली हवा वर सोडून देणारी छोटी भोके. रस्त्यावरून आत येताना आधी ढेळज, मग उघडा चौक, चौकाभोवती सोपे, आणि सर्वांत आत, जेथे ऊन कधीही पोचत नाही अशा जागी, माजघर. दुपारी बाराला माळवदावर पडलेल्या उन्हाला त्या मातीच्या थरातून खाली उतरावयास आठ-दहा तास लागतात; तोवर रात्र झालेली असते, घरातली माणसे माळवदावर अंथरुणे टाकून चांदण्याखाली निजलेली असतात, आणि उशिरा आत पोचलेली ती उष्णता साण्यांतून व उघड्या चौकातून आकाशात परतते. सकाळी पुन्हा गार झालेल्या भिंती दिवसभर घर सांभाळावयास सिद्ध असतात. एक युनिट वीज न जाळता चालणारी ही व्यवस्था होती, आणि पैसेवाल्याच्या चौसोपी वाड्यात व सामान्य कुणब्याच्या दोन खणांच्या घरात तिचे तत्त्व एकच होते.

या घरांचे गुणगान करताना त्यांचे दोष लपवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. माळवद गळत असे, त्यात विंचू राहत, आतल्या खोल्या अंधाऱ्या असत, आणि दरसालची डागडुजी चुकली तर एखाद्या सततच्या पावसात अख्खे छप्पर खाली येई. सर्वांत भयंकर पुरावा तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मिळाला. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक याच जातीच्या घरांखाली गाडली गेली. कारण मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या, दोन्ही बाजूंचे थर एकमेकांशी बांधून न ठेवलेल्या भिंती हादऱ्याबरोबर फुटल्या आणि त्यांवरचा मातीचा प्रचंड भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. त्या पहाटेनंतर या भागातील लोकांनी दगडमातीकडे पाठ फिरवली, सिमेंट-लोखंडाच्या स्लॅबला सुरक्षिततेचे दुसरे नाव मानले, आणि यात त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या धक्क्यात आपण घातक बांधणीबरोबर एक निर्दोष ज्ञानही टाकून दिले. भिंत फुटली ती तिच्यात आडवे बंध नव्हते म्हणून. ती जाड होती म्हणून फुटली नाही. आज पायथ्याशी, खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असे काँक्रीटचे आडवे पट्टे घालून, कोपऱ्यांत सळया उभ्या करून, भूकंपाला टिकणारी आणि तरीही उष्णता अडवणारी भिंत बांधता येते. पोकळी ठेवून रचलेली विटांची दुहेरी भिंत तेच काम कमी वजनात करते. आणि स्लॅबवर उष्णतारोधक थर व त्यावर विटांच्या तुकड्यांचा चुनामिश्रित कोबा घातला तर माळवदाचा गारवा माळवदाच्या धोक्याशिवाय मिळतो. एवढे स्थापत्यशास्त्र सोलापूरच्या कोणत्याही अभियंत्याला अवगत आहे. त्याला ते विचारणारा धनी मात्र क्वचित भेटतो.

येथे असा आक्षेप येईल की शेतकऱ्याच्या घराचे दाखले श्रीमंताच्या बंगल्याला कशास द्यावेत. ज्याच्यापाशी साधने आहेत त्याने सुखसोयींत काटकसर का करावी? या आक्षेपाचे उत्तर सोलापूरच्या आसमंतातच उभे आहे, आणि ते शेतकऱ्यांनी बांधलेले नसून बादशहांनी बांधलेले आहे. हैदराबादच्या रस्त्यावर येथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर नळदुर्गचा किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, मीर मुहम्मद इमादीन याने तेथे बोरी नदीवर धरण बांधले आणि त्या धरणाच्या पोटातच पाणी महाल घडवला. पावसाळ्यात नदी भरून वाहू लागली की नर आणि मादी या नावांनी ओळखले जाणारे दोन प्रवाह धरणावरून खाली झेपावतात, आणि त्या पाण्याच्या पडद्यामागे, दगडी पायऱ्या उतरून गेल्यावर लागणाऱ्या कक्षात, माणूस कोरडा बसून समोर कोसळणारे पाणी पाहू शकतो. दक्षिणेतील एका प्रबळ सत्तेच्या मनातील विलासाची ही कल्पना होती. विजापूरच्या पूर्वेला कुमटगी येथे आदिलशहांनी जी उन्हाळी विश्रामस्थाने बांधली, तेथेही उंचावरच्या हौदांतून नळांनी आणलेले पाणी केवळ स्वतःच्या वजनाने छतांतील छिद्रांतून तुषार होऊन उतरे आणि भोवतालची शुष्क हवा गार करी. राजधानीजवळच्या या निवासांत सोने-रूपे किती होते हे इतिहासाला ठाऊक असेल. स्थापत्याने मात्र आपली सारी बुद्धी छाया, पाणी आणि दगडाची जाडी यांवर खर्च केली होती. ऐश्वर्य म्हणजे उन्हाळ्यातली शीतलता, आणि ती इमारतीच्या अंगातूनच आली पाहिजे, असा त्या मुलखाचा शतकानुशतकांचा निर्णय होता.

इतके मागे जाण्याचीही आवश्यकता नाही. सोलापूर महानगरपालिकेचे वैभव मानले जाणारे इंद्रभुवन हे मुळात अप्पासाहेब वारद या धनिक गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या राहण्यासाठी बांधविलेले घर. त्या काळी गिरण्यांच्या आणि पेढ्यांच्या उलाढालीने या शहरात जो पैसा खेळू लागला होता त्याचे ते दगडी स्मारक आहे, आणि त्याची नक्षी, त्याचे सज्जे, त्याचे घुमट यांचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला त्यात अधिक विचारणीय वाटते ती गोष्ट अशी की थंड हवेचे कोणतेही यंत्र उपलब्ध नसताना सोलापुरातल्या एका अतिशय संपन्न माणसाने आपले घर बांधले, आणि उंच छत, रुंद भिंती व सावलीचे सज्जे यांच्या बळावर तो त्यात राहू इच्छीत होता.

आता या परंपरेच्या शेजारी आजचा बंगला ठेवून पाहावा. रस्ता पश्चिमेला आहे म्हणून दर्शनी बाजू पश्चिमेला, आणि दर्शनी बाजू शोभिवंत हवी म्हणून तिला दोन मजली उंचीची काच. दिवाणखान्याचे छत दुप्पट उंच, पण त्यात तापलेली हवा बाहेर सोडणारी एकही खिडकी नाही, कारण खिडकी उघडली तर यंत्राची थंड हवा निसटेल. वर उघडा स्लॅब, त्यावर गडद रंगाची फरशी. भिंत चार किंवा सहा इंची ठोकळ्यांची. अंगणात सावली देणारा कडुनिंब तोडून लावलेली हिरवळ आणि शोभेचे ताड. अशा घराचा स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत खालच्या शयनगृहांत ती उष्णता ओतत राहतो, म्हणजे निसर्ग बाहेर गारवा पाठवू लागतो नेमक्या त्याच वेळी हे घर आतून पेटलेले असते. मग प्रत्येक खोलीत यंत्र बसते, आणि त्या यंत्रांचे पाप धुऊन काढण्यासाठी छतावर सौर पट्टिका चढतात.

सौर पट्टिकांविरुद्ध माझी तक्रार नाही. सोलापूरइतके सूर्यप्रकाशाचे दान थोड्याच शहरांना मिळाले आहे आणि ते न घेणे हा करंटेपणा ठरेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने ३ किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान देऊ केल्यापासून मध्यमवर्गीयही या वाटेला लागले आहेत, हे उत्तमच झाले. पण हिशेब डोळे उघडे ठेवून मांडला पाहिजे. १ किलोवॅटच्या पट्टिका दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतात, म्हणजे ३ किलोवॅटच्या १२ युनिट. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र ऐन उन्हाळ्यात तासाला सव्वा युनिटाच्या आसपास खाते. चार शयनगृहांत चार यंत्रे रात्री आठ तास चालली तर एका रात्रीत ४० युनिट गेले. ही मागणी सूर्य मावळल्यानंतरची आहे. दिवसा महावितरणच्या जाळ्यात सोडलेले युनिट रात्रीच्या युनिटांतून वजा होऊन बिल कोरे येईलही, पण त्या रात्री घर ज्या विजेवर चालले ती बहुतांशी कोळशाचीच होती, आणि एका युनिटास अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो.

शिवाय सोलापूरकराला या हिशेबात कोळशापेक्षाही जिव्हाळ्याची एक बाब आहे, ती पाण्याची. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे एनटीपीसीचे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण १३२० मेगावॅट, आणि त्यांची तहान उजनी धरणाच्या पाण्याने भागते. तेथील सगळी वीज सोलापुरात वापरली जाते असे नाही; ती अनेक राज्यांना वाटली जाते आणि आपल्या घरी येणारी वीज साऱ्या देशाच्या जाळ्यातून येते. तरीही कोठे ना कोठे पाणी खर्च झालेले असतेच. केंद्र सरकारने २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांच्या पाणीवापरावर जी मर्यादा घातली ती जुन्या केंद्रांसाठी प्रति युनिट साडेतीन लिटर आहे. नव्यांसाठी काहीशी कमी. युनिटामागे तीन लिटर धरले तरी वर सांगितलेल्या एका रात्रीच्या थंडाव्यासाठी १२० लिटर पाणी वाफ होऊन जाते. ज्या शहरात धरण भरलेले असूनही नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि गृहिणी पिंपे, घागरी, कळशा भरून ठेवून दिवस काढतात, तेथे वीज आणि पाणी या एकाच खात्यावरच्या दोन नोंदी आहेत हे सर्वांच्या ध्यानात असावयास हवे.

परदेशाकडे पाहून उपाय शोधणारेही या बाबतीत अर्ध्या वाटेवर थांबतात. जर्मनीत डार्मस्टाट येथे १९९०-९१ साली वुल्फगांग फाइस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे घर उभारले, त्याच्या भिंती इतक्या दक्षतेने बंदिस्त केल्या होत्या की हिवाळ्यात त्याला तापवण्यास नाममात्र ऊर्जा पुरे. त्या प्रयोगाचा लौकिक सार्थ आहे. परंतु तेथील शत्रू थंडी होती. सोलापुरात रात्री खिडक्या सताड उघडून घर धुवून काढल्यासारखे गार करावयाचे असते, आणि जे घर रात्रीही कडेकोट बंद ठेवावे लागते ते येथे आपला सर्वांत मोठा मित्र दाराबाहेर ताटकळत ठेवते. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण इजिप्तमधील हसन फतही यांचे. लक्झर या पुरातन नगरीच्या समोर, नाइलच्या पश्चिम तीरावर, १९४५ नंतर त्यांनी नवे गुर्ना हे गाव कच्च्या विटांच्या घुमटांनी आणि चौकांनी उभारले. गाव म्हणून तो प्रयोग पुरता यशस्वी झाला नाही, कारण ज्यांच्यासाठी घरे बांधली त्यांना तेथे जावयाचेच नव्हते, पण तप्त मुलखातील घर कसे श्वास घेते याविषयीचे त्यांचे निरीक्षण आजही जगभर अभ्यासले जाते. केरळात लॉरी बेकर यांनी पोकळ रचनेच्या विटांच्या भिंती आणि जाळीदार झरोके वापरून हेच केले, आणि त्यांच्याकडे घर बांधून घेणाऱ्यांत गरिबांप्रमाणेच सधन मंडळीही होती.

सरकारनेही या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये इको निवास संहिता प्रसिद्ध केली, आणि ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आहे, म्हणजे आपल्या चर्चेतले बरेचसे बंगले तिच्या कक्षेत येतात. भिंती-खिडक्यांतून आत शिरणारी उष्णता प्रत्येक चौरस मीटरला सरासरी १५ वॅटपेक्षा जास्त नसावी आणि छपराची उष्णता वाहून नेण्याची शक्ती ठरावीक मर्यादेत राहावी, असे ती सांगते. नुसत्या उघड्या स्लॅबमधून त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता येते. मात्र राज्याने आणि स्थानिक संस्थेने आपल्या बांधकाम नियमांत समाविष्ट केल्यावाचून अशी संहिता दफ्तरातच राहते. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने हरित इमारतींसाठी काही तजवीज केली आहे खरी, पण ती कशी? ज्या इमारतीला मान्यताप्राप्त संस्थेचे हरित मानांकन मिळेल तिला दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र. ऊर्जा वाचवल्याचे पारितोषिक म्हणून अधिक बांधण्याची परवानगी द्यावयाची, ही रीत मला मुळातच चुकीची वाटते. जास्तीचे चौरस फूट म्हणजे जास्तीचे सिमेंट, जास्तीचा स्लॅब आणि थंड करावयाची जास्तीची हवा. शिवाय मानांकनाची कागदपत्रे जमवण्याचा खर्च मोठ्या विकासकाला परवडतो. ज्या गृहस्थाने चौक राखला, पश्चिमेला झाडे लावली आणि घर दोनशे चौरस मीटरांनी लहान ठेवले त्याला काहीच मिळत नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेने हरित इमारतींना मिळकतकरात सवलत दिली आहे, ती दिशा मला अधिक योग्य वाटते, आणि सोलापूरने ती स्वीकारताना मानांकनाऐवजी साधी, डोळ्यांनी तपासता येणारी कसोटी लावावी: छप्पर पांढरे आणि उष्णतारोधक आहे काय, पश्चिमेची काच सावलीत आहे काय, चौक वा आरपार वारा आहे काय, झाड राखले आहे काय. जागेवर जाऊन दहा मिनिटांत ही तपासणी होऊ शकते.

कोणी म्हणेल, शहरात मूठभर बंगले. त्यांनी असे बांधले काय नि तसे बांधले काय, त्याने सोलापूरचा पारा उतरणार नाही. हा हिशेब युनिटांपुरता बरोबर आहे आणि समाजापुरता चूक. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे दिली गेली. त्याच परिसरात रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यांतील पंधरा हजार घरांचे लोकार्पण केले. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या दीर्घ खटपटीचे ते फळ होय. ही घरे तीनशे-सव्वातीनशे चौरस फुटांची आहेत, आणि त्यांत राहणारी बाई भर दुपारी त्याच खोलीत बसून विड्या वळते. तिला वातानुकूलन यंत्र घेता येणार नाही. तिचे सारे सुख वरचा स्लॅब किती तापतो यावर अवलंबून आहे. आता विचार करावा: गवंड्याला कोबा नीट घालता येतो की नाही, बाजारात पांढरे परावर्तक लेप वाजवी दरात मिळतात की नाही, कंत्राटदाराला पोकळ भिंत रचता येते की नाही, हे कोणाच्या मागणीवरून ठरते? ज्याच्यापाशी पैसा आहे त्याच्या. त्याने काच मागितली म्हणून काचेची दुकाने निघाली. त्याने चुना मागितला तर चुन्याच्या घाण्या पुन्हा फिरतील, आणि वडार समाजातील ज्या हातांना अजून दगड बोलका करता येतो त्यांना काम मिळेल. त्यांच्याकडून शिकलेला तरुण गवंडी उद्या कुंभारीतही काम करणार आहे. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. आपल्या उशाशी असलेल्या राज्याला जे सुचले ते आपल्याला अशक्य नाही.

मग सोलापूरच्या परिसरात खऱ्या अर्थाने संपन्न घर कसे असावे? माझ्या मते त्याची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे उन्हाच्या दोन दुष्ट दिशांना त्याची आखूड बाजू जाईल. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली यांची रांग लावून राहण्याच्या खोल्या त्यांच्या आडोशाला ठेवाव्यात. ढेळज परत यावी, कारण आल्यागेल्याला सावलीत बसवण्याची ती रीत आतिथ्याचीही होती. मध्ये चौक, चौकात कडुनिंब किंवा पारिजात, आणि न्हाणीचे पाणी त्याच्या मुळांना. खाली शहाबादी फरशी, जी शेजारच्या जिल्ह्यातून येते आणि अनवाणी पायांना भर मे महिन्यात गार लागते. वर उष्णतारोधक थर, कोबा आणि पांढऱ्या चिनी तुकड्यांचे आच्छादन, आणि सौर पट्टिका त्या छतापासून माणूसभर उंच मांडवावर, जेणेकरून वीज देता देता त्या छपरावर सावलीही धरतील व त्यांच्याखाली घरच्यांना रात्री अंथरुणे टाकता येतील. छताजवळ उघडमीट करता येणारी, साण्यांचे काम करणारी झडपे असावीत. वातानुकूलन यंत्र निषिद्ध मानण्याचे कारण नाही. उष्णतेच्या लाटेत वृद्ध, आजारी माणसे आणि तान्ही मुले यांच्यासाठी एक चांगली बंदिस्त खोली यंत्राने थंड ठेवणे हे कर्तव्यच ठरते, आणि २०२० पासून नव्या यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर बांधलेले आहे, ते तेथेच राहू द्यावे. चार खोल्यांत मिळून जी वीज जळली असती तिच्या चतुर्थांशात हे काम होते. अशा घराला दोन-पाच टक्के अधिक खर्च आला तरी संगमरवर थोडा कमी करून तो सहज भरून काढता येईल.

हे सर्व मी सांगतो म्हणून कोणी मान्य करावे अशी माझी अपेक्षा नाही, आणि जुन्याची ओढ हा शास्त्रीय पुरावा होऊ शकत नाही. म्हणून एक सूचना करावीशी वाटते. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ यांनी मिळून मार्च ते जून या काळात शहरातील आणि आसपासच्या काही घरांत तापमापके बसवावीत: एखादा अजून राहता असलेला माळवदी वाडा, इंद्रभुवनातील एखादे दालन, होटगी रस्त्यावरचा काचेचा बंगला, त्याच रस्त्यावरचा सावलीचा विचार करून बांधलेला बंगला, कुंभारीतील चुना फासलेल्या छताचे घर आणि त्याच्याच शेजारचे न फासलेले. दर तासाची नोंद घ्यावी, विजेच्या मीटरचे आकडे तिच्या शेजारी लिहावेत, आणि मालकांची नावे वगळून तो तक्ता मराठीत, कन्नडमध्ये व तेलुगूत छापावा, कारण या शहरात घर बांधणारे तिन्ही भाषांत बोलतात. महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात नकाशा मंजूर करून घेण्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती अर्जाच्या नमुन्याबरोबर तो दिला जावा, आणि नकाशा तपासणाऱ्या अधिकाऱ्याने पश्चिमेच्या भिंतीवर बोट ठेवून अर्जदाराला एकदा तरी विचारावे की दुपारी चार वाजता येथे सावली कशाची पडणार आहे.